म्हशीची श्रेयनामावली

धुळ्याच्या केबलवर जी म्हैस चालायची, ती मी चालवलेली नव्हती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलींना नाही, आणि जळगावच्या ज्या जाहिरातवाल्यांकडे मला त्या म्हशीच्या जोरावर नोकरी लागली त्यांना तर नाहीच नाही. ते बिचारे धंदा बंद करेपर्यंत पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे म्हैसवाले," आणि मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. बी.कॉम. होऊन मी धुळ्यात घरी बसलो होतो. दुकानांच्या पाट्या रंगवायचो, अक्षर चांगलं होतं. त्यापलीकडे हातात काही नव्हतं. गल्लीत नुकताच केबलवाला आला होता. तो व्हीसीआरवर पिक्चर लावायचा आणि मध्ये मध्ये गावातल्या जाहिराती दाखवायचा. जाहिरात म्हणजे एक रंगीत पुठ्ठा, त्यावर साडीचं दुकान नाहीतर दाताचा दवाखाना, आणि मागे सनई. एका सरकी ढेपेच्या दुकानदाराला त्यापेक्षा काहीतरी नवीन हवं होतं. "हलणारं पाहिजे," ते म्हणाले. मी तिथेच उभा होतो. म्हणालो, "कार्टून करून देतो. म्हैस चालत येईल, ढेप खाईल आणि हसेल."

हे मी कशाच्या भरवशावर बोललो, देव जाणे. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला मला सी ग्रेड होती, तीही आमच्या सरांना माझी दया आली म्हणून. पण रविवारी सकाळी टीव्हीवर जपानी कार्टून लागायचं, ते मी न चुकता बघायचो, आणि बघता येतं ते करता येतं असं त्या वयात वाटतं.

घरी आम्ही शोकेसची काच काढली, दोन पाटांवर आडवी ठेवली, खाली बल्ब लावला. वर बटर पेपर. एका कागदावर म्हैस, त्यावर दुसरा कागद, त्यावर जराशी पुढे सरकलेली म्हैस. लग्नाचं शूटिंग करणारा एक मित्र होता, त्याचा कॅमेरा स्टँडवर उलटा बांधला. एक चित्र ठेवायचं, बटण दाबून लगेच सोडायचं, की दुसरं चित्र. पहिला तुकडा टीव्हीवर लावला तेव्हा अख्खं घर जमलं होतं. म्हैस आली. म्हणजे उड्या मारत आली. चारही पाय एकदम उचलायची आणि एकदम टेकवायची.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांचं माहेर साक्रीकडचं. एरवी आमच्याशी आमच्यासारखं बोलायच्या. हसू आवरेना की त्यांची अहिराणी बाहेर यायची.

"भाऊजी, हाई म्हैस शे का बेडूक?"

दादा तर जमिनीवर लोळला. आमचे वडील, आबा, एवढंच म्हणाले, "ढेप खाऊन असं होत असेल तर कोण घेईल?"

वहिनींना चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. लग्न ठरताना त्यांच्या वडिलांनी ते सर्टिफिकेट दाखवलं होतं आणि आमच्याकडच्यांनी त्यावर सुपारीची ताटली ठेवली होती. त्यांच्या मनात ए.टी.डी. करायचं होतं, म्हणजे ड्रॉईंग टीचरचा कोर्स. धुळ्यातच होत होता. आबांना एकदा विचारलं होतं, तर आबा "बघू" म्हणाले होते. आमच्या घरात "बघू" चा अर्थ नाही असाही होत नव्हता आणि हो असाही होत नव्हता. ते लोणच्यासारखं मुरत ठेवायचं असायचं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी भांडी आटोपली की वहिनी काचेशी येऊन बसायला लागल्या. सुरुवातीला माझ्या दोन म्हशींच्या मधल्या म्हशी काढायच्या. मग माझी पहिली म्हैसच खोडरबरानं पुसायच्या. "हिची मान कुठे गेली? आणि मागचा पाय पुढच्याच्या जागेवर पडतो, भाऊजी, हवेत नाही." मी काढायचो, त्या पुसायच्या आणि पुन्हा काढायच्या. शेवटी शेवटी मी फक्त कागदांवर नंबर टाकायचो. नंबर मात्र सुंदर टाकायचो.

तोवर मला यात काही वावगं वाटत नव्हतं. वहिनी "मदत" करतायत एवढंच डोक्यात होतं. नेमकं कोण काय करतंय हे कळलं ते एका जपानी साहेबामुळे.

दादा नरडाण्याच्या कारखान्यात फिटर होता. तिथे जपानहून मशीन आलं होतं आणि ते बसवायला एक साहेब. काही आठवडे दादा त्यांच्या हाताखाली होता. एका रविवारी त्यानं त्यांना जेवायला आणलं. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी. शेवभाजीचा पहिला घास घेतला आणि साहेबांचे कान लाल झाले, पण माणूस हटला नाही. घाम पुसत खात राहिला. आईनं तेवढ्यावरच त्याला पास केला.

साहेबांनी बॅगेतून एक कॅसेट काढली. जपानी कार्टून, त्यांच्या घरच्या टीव्हीवरून भरलेलं. केबलवाल्याकडे परदेशी कॅसेट चालणारा व्हीसीआर होता, तो आणवला. एका कोळी म्हाताऱ्याची आणि त्याच्या मांजराची गोष्ट होती. भाषा एक अक्षर कळत नव्हती आणि अडतही नव्हतं. ते मांजर असं काही चालायचं की वहिनी हातातली भाजीची वाटी विसरल्या.

गोष्ट संपली, गाणं सुरू झालं, पडद्यावर जपानी अक्षरं वर सरकायला लागली. आम्ही सगळे उठलो. नावं लागली की उठायचं, ही आपली पद्धत. आईनं पाणी भरायला तांब्या उचलला, आबांनी पानाचा डबा ओढला.

"नो, नो! सिट! प्लीज, सिट!" साहेब जवळजवळ ओरडले. गुडघ्यांवर चालत टीव्हीपाशी गेले, चित्र थांबवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "माय सिस्टर."

सगळे परत बसले. कॅसेट का आणली ते आता कळलं. अख्खी गोष्ट या एका ओळीसाठी होती.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आमच्या भावकीत लग्नपत्रिका लावायचं काम आबांचं. निमंत्रक कोण, प्रेषक कोण, संयोजकांत कोणाचं नाव कोणाच्या वर, आशीर्वादात कोण, कार्यवाहकांत कोण, हे सगळं आबांच्या लाल पेन्सिलीतून जायचं. खानदेशात पत्रिका आली की आधी नावं वाचतात. लग्न कोणाचं आहे ते मग बघतात. नाव चुकीच्या जागी पडलं म्हणून जेवणावरून उठून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या आबांनी चष्मा लावला आणि टीव्हीच्या काचेला नाक लावलं.

"हिच्या वर कोण? थोरले का?"

दादानं त्याच्या इंग्रजीत विचारलं. साहेब म्हणाले, नातं काही नाही.

"खाली?"

तेही नातं नाही.

"नातं नाही आणि एका पत्रिकेत?" आबा खुर्चीत मागे टेकले. "मग लावली कशावरून?"

"कामावरून," दादा म्हणाला. "ज्यानं जे काम केलं, त्याखाली त्याचं नाव."

आबांना हे अजिबात पटलं नाही, पण कुतूहल जागं झालं. मग पुढचा तासभर त्यांनी साहेबांकडून एकेक ओळ वदवून घेतली. कॅसेट मागे जायची, थांबायची; साहेब मोडकं इंग्रजी बोलायचे, दादा त्याहून मोडकं, आणि आबा त्याचं मराठी करायचे. सगळ्या मालिकेचा एक दिग्दर्शक असतो. "हा यजमान," आबा म्हणाले. पण दर आठवड्याच्या भागाला वेगळा दिग्दर्शक असतो, तो त्या यजमानाच्या मर्जीनं तेवढा भाग सांभाळतो. "म्हणजे हळदीचा आचारी वेगळा, लग्नाचा वेगळा. बरोबर आहे. पुढे?"

पुढे मुख्य चित्रं काढणारे आणि मधली चित्रं काढणारे. इथे शब्द संपले. साहेबांनी ताटातली अख्खी भाकरी उचलून दाखवली. "फर्स्ट." मग शेजारचं रिकामं ताट दाखवलं. "लास्ट." ही दोन मुख्य चित्रं, ती एक जण काढतो. मग त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडून खाल्ला आणि उरलेली दाखवली. आणखी एक तुकडा, पुन्हा दाखवली. हे मधले. हे दुसऱ्यांनी काढायचे. समजावता समजावता त्यांनी सबंध भाकरी कोरडीच संपवली, आणि आईनं तेवढ्यात दुसरी वाढली, तर ते घाबरून म्हणाले, "फिनिश, फिनिश! अंडरस्टँड?"

बहीण रंगवणाऱ्यांत होती. पारदर्शक कागदाच्या उलट्या बाजूनं, रेषेबाहेर न जाता, घरी बसून. त्या ओळीत बहुतेक बायकाच होत्या.

एक ओळ राहिली होती. साहेबांनी दुरडीतून दोन भाकरी काढल्या, एक आईच्या हातची, एक वहिनींच्या. आईची जाड आणि एका बाजूला झुकलेली, वहिनींची चंद्रासारखी. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून मान हलवली. मग आईची भाकरी हातानं दाबून, कडा मोडून वहिनींच्या भाकरीसारखी गोल केली. दहा माणसं चित्रं काढतात, दहांचं मांजर वेगळं दिसतं. एक जण बसतो आणि सगळ्यांची चित्रं दुरुस्त करून एका हातची करतो. आईला हे उदाहरण आवडलं नाही.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "जो दुरुस्त करतो त्याचं नाव कुठे येतं? वर का खाली?"

साहेबांनी कॅसेट पुढे घेतली. बाकीची नावं घोळक्यानं होती. हे पडद्याच्या मधोमध, एकटंच.

"एकट्याचंच, बघ," दादा म्हणाला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटातल्या भरताकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी काचेपाशी त्या म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या म्हशीच्या शेवटी नावं टाकणार ना तुम्ही?"

"टाकू की."

"माझं टाका. दुरुस्तीखाली टाका नाहीतर मधल्या चित्रांखाली, कुठेही. पण माझं स्वतःचं. आबांना पत्रिका समजते, सर्टिफिकेट समजत नाही. टीव्हीवर नाव बघितलं की कोर्सचं पुन्हा विचारते. या वर्षीचे प्रवेश सुरू व्हायचे आहेत अजून."

"अहो, टाकतो म्हटलं ना."

"शपथ?"

"म्हशीची शपथ," मी म्हणालो, आणि त्या हसल्या.

नावं टाकायची बातमी फुटायला वेळ लागला नाही. कॅमेरावाल्या मित्राचं नाव घ्यायलाच हवं होतं. मग केबलवाल्याचं. मग जामनेरचे काका आले. त्यांनी तीस वर्षांपूर्वी दिलेल्या पाटांवरच ती काच ठेवली होती म्हणून ते स्वतःला संयोजक समजत होते. काकांचं नाव गेलं तर आत्याचे यजमान कसे सोडायचे? आबांनी लाल पेन्सिल घेतली आणि दोन दिवस बसले. जपानी पद्धत त्यांनी ऐकून घेतली होती, पण मानली नव्हती. "काम केलं त्याचं नाव, हे ठीक आहे. पण ज्याचं नाव नाही तो उद्या आपल्या दारात येईल का?" त्यांनी निमंत्रक, संयोजक, आशीर्वाद सगळं लावलं. दादाच्या पोराला नुकते दात येत होते, त्याच्या नावानं शेवटी एक ओळ पडली, "आमच्या काकाची म्हैस बघायला यायचं हं!"

कामाच्या नावांची जागा मात्र त्यांनी कोरी सोडली. "ते तुझं तू लिही. कोणी काय केलं ते तुला माहीत."

तर मी लिहिलं. काळ्या पुठ्ठ्यावर, पांढऱ्या रंगानं, माझ्या चांगल्या अक्षरात. मुख्य चित्रं, मधली चित्रं, दुरुस्ती, दिग्दर्शन, या चारही कामांसमोर एकच नाव. माझं. पुठ्ठ्याच्या मधोमध, एकटंच. वहिनींच्या नावाची पट्टी मी आधी केली होती. खरंच केली होती. ती समोर ठेवली आणि माझं नाव तिच्याशेजारी इतकं किरकोळ दिसायला लागलं की ती मी फाडली. वहिनी आशीर्वादात होत्याच, "सौ. व श्री." आणि पुढे दादाचं नाव. त्यांच्या वाट्याला तो "सौ." आला.

रविवारी दुपारी, पिक्चरच्या आधी, म्हैस लागली. घरात उभं राहायला जागा नव्हती. म्हैस डावीकडून आली, एकेक पाय जपून टाकत, पोट हलवत. थांबली, ढेप हुंगली, खाल्ली, आणि आमच्याकडे वळून हसली. गल्लीतून टाळ्या ऐकू आल्या. मग नावं सुरू झाली आणि संपेनातच. म्हैस डोळ्याचं पातं लवेपर्यंत आली-गेली, नावं मात्र सनईचं एक अख्खं कडवं वाजेपर्यंत चालली. त्या दिवशी मात्र नावं लागली तरी कोणी उठलं नाही. ढेपेचे दुकानदार संध्याकाळी केबलवाल्याच्या अंगावर धावून गेले: "माझी ढेप कमी आणि यांचे सोयरे जास्त!" पण केबलवाला खूश होता, नाव असलेल्या प्रत्येक घरानं त्या आठवड्यात कनेक्शन घेतलं.

मी पाणी प्यायला आत गेलो. वहिनी एकट्या होत्या.

"माझं नाव?"

मला खरं सांगता आलं असतं. शिव्या खाल्ल्या असत्या, दुसरा पुठ्ठा केला असता, पुढच्या रविवारी लावला असता. त्याऐवजी मी हळूच म्हणालो, "मी लिहिलं होतं. आबा म्हणाले, घरच्या सुनेचं नाव टीव्हीवर नको."

"आबा असं म्हनतीन?" त्यांनी अहिराणीत विचारलं, हसू मात्र नव्हतं.

"तुम्ही त्यांना काही बोलू नका. उगीच वाढेल."

"नाही बोलणार," त्या म्हणाल्या, आणि कणीक मळायला घेतली.

बाहेर ओट्यावर आबा पान लावत बसले होते. मला बोलावलं. "सूनबाईचं नाव कुठे गेलं रे?"

"आशीर्वादात आहे की."

"ते मीच लावलं. कामात कुठे आहे? म्हैस तिनं चालवली. मी दुपारी झोपतो असं वाटतं काय तुम्हाला? डोळे मिटून पडलेला असतो."

माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी ठरवलं नव्हतं. पण पहिल्या खोट्याला ते इतकं नीट बसलं की माझंच मला आश्चर्य वाटलं. "त्याच नको म्हणाल्या. म्हणाल्या, लोक काय म्हणतील."

आबांनी पानाला चुना लावायचं थांबवलं. "नको म्हणाली? मी तर दादाला कोर्सचा फॉर्म आणायला सांगणार होतो." त्यांनी पान तसंच मिटून डब्यात ठेवलं. "मग तेही मनातून गेलं असेल तिच्या. बळजबरी नको करायला. तू काही बोलू नको, तिला अवघडल्यासारखं होईल."

मी बोललो नाही. वहिनीही बोलल्या नाहीत, आणि आबाही. आमच्या घरात एकमेकांचा मान राखायची फार चांगली वळणं आहेत. माझं खोटं त्या वळणांवरच वर्षानुवर्षं टिकलं. वहिनी आबांना गरम भाकरी वाढायच्या, आबा "वा, सूनबाई" म्हणायचे, आणि दोघंही समोरच्याच्या मनाला जपायला म्हणून त्या विषयाला हात लावायचे नाहीत. प्रवेश सुरू झाले आणि संपले. पुढच्या वर्षीही. त्यानंतर कोणी मोजलं नाही.

मी म्हशीची कॅसेट घेऊन जळगावला गेलो आणि नोकरी मिळवली. पहिल्याच महिन्यात तिथले मालक म्हणाले, "आता एक बैल चालवून दाखवा." मी सांगितलं, बैल जुना झाला, आता वस्तू चालवायची फॅशन आहे. मग इतकी वर्षं मी पाइप नाचवले, पंप नाचवले, केळ्यांचे घड नाचवले. ज्याला पाय आहेत असं काही मी पुन्हा काढलं नाही. कोणाला संशय आला नाही. केळ्याला पाय का नाहीत असं कोण विचारणार?

आबा गेले. वर्षश्राद्धाला सगळे धुळ्यात जमलो होतो. वहिनी पुऱ्या तळत होत्या, मी ताट घेऊन बाजूला उभा. म्हणाल्या, "आबा मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, भाऊजी. ती एकच गोष्ट. ती तेवढी राहिली मनात." आणि माझ्या ताटात पुरी टाकली. फुगलेली होती. मी ती खाल्ली.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दर वेळी धुळ्याला जातो तेव्हा खरं सांगायचं ठरवून जातो, आणि दर वेळी वहिनी काहीतरी टोमणा मारतात, मी हसतो, आणि परत येतो. त्यांचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही. एकदा त्यांच्या नावाचं काय करायचं ते मी एकट्यानं ठरवलं. आता त्यांना विचारल्याशिवाय ठरवणार नाही.

आबा नाही म्हणाले नव्हते. आबांनी विचारलं होतं, सूनबाईचं नाव कुठे गेलं. तो प्रश्न वहिनींचा आहे, आणि तो मी त्यांना अजून दिलेला नाही. तेवढं मी त्यांचं देणं लागतो.